पाय न टेकता

“मगदूम! अगं ए मगदूम! थांब म्हणतो ना!”

एसटीच्या इंजिनावर उभा जन्म मात केलेला आवाज तो. दोन्हीकडं ऊस, मधून गगनबावड्याचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर सकाळपासून आम्ही दोघंच. मी ब्रेक दाबून मागं बघितलं. दत्ताराम धुरी, म्हणजे ज्यांना सासरे करून घ्यायचं मी ठरवून टाकलं होतं ते गृहस्थ, सायकल बांधाला टेकवून उसाच्या कडेला उकिडवे बसलेले. मला वाटलं, झालं, म्हाताऱ्याला चक्कर आली. आता त्यांच्या उदयला काय तोंड दाखवू? सायकल तिथंच आडवी टाकली आणि पळत गेले.

चक्कर-बिक्कर काही नव्हती. एका उभ्या दगडावरची माती ते हातानं झाडत होते.

“ह्या दगडाजवळून मी इतकी वर्षं गाडी नेली,” ते म्हणाले. “जाताना दिसायचा, येताना दिसायचा. एकदाही थांबलो नाही.”

“का?”

“कंडक्टरनं डबल बेल मारली की ड्रायव्हरला थांबता येत नाही, मगदूम. मागं पन्नास माणसं. कुणाची कोर्टाची तारीख, कुणाची लेक दवाखान्यात. त्यांना काय सांगू, जरा बसा, मी दगड बघून येतो?”

मला ते नावानं हाक मारत नसत. डेपोत सगळ्यांना आडनावानं बोलवायची सवय, तीच घरी आणलेली. दूधवाला पाटील, पेपरवाला मुल्ला, तशी मी मगदूम. निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी एक जुनी काळी सायकल घेतली आणि घरात जाहीर केलं, आता इंजिनाचा आवाज नको. तेव्हापासून रोज सकाळी बाहेर पडायचे आणि आयुष्यभर काचेतून दिसलेली एकेक जागा थांबून बघून यायचे. एखादं पडकं देऊळ, एखादी विहीर, एखादा वीरगळ. लोक म्हणायचे, धुरीड्रायव्हरांचं डोकं जरा फिरलंय. मला मात्र माणूस तिथंच आवडला होता.

आता माझ्या शाळेतल्या पोरी विचारतात, बाई, तुमचं लव्ह मॅरेज ना, मग सरांना कसं पटवलं? मी म्हणते, सर पटायला काय, ते आधीच पटलेले होते. सासऱ्यांना पटवायला घाट उतरावा लागला.

त्याचं असं झालं. उदय लाईट बोर्डात, मी मुलींच्या हायस्कूलमध्ये पीटीची बाई. जिल्ह्याच्या सायकल शर्यतीत सलग काही वर्षं मला कुणी मागं टाकलं नव्हतं, आणि हे मी लोकांना सांगायला कधी लाजले नाही. माझे वडील म्हणाले, पोरीनं ठरवलं म्हणजे ठरलं, आम्ही आपले जेवायला. उदयच्या आईनं तर मला साडीचा रंग विचारला. अडलं होतं एका माणसाशी. दत्तारामकाका हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. “बघू,” एवढंच. दिवाळीत बघू, संक्रांतीला बघू, पाडव्याला बघू. बघता बघता वर्ष गेलं. शेवटी मी एकटीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

“काका, एक घाव दोन तुकडे. हो की नाही?”

त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या सायकलकडं.

“परवा माझ्याबरोबर सायकलवर चल. खाली, कोकणात. दोन-तीन दिवस लागतील. मग सांगतो.”

“परीक्षा घेताय माझी?”

“तसं समज.”

मी मनात म्हटलं, घ्या. सायकलवर माझी परीक्षा म्हणजे मांजराला दूध पिता येतं का बघायचं. काकांनी दुसरं काहीही सांगितलं असतं, पुरणपोळी कर म्हणाले असते, तर माझी दांडी उडाली असती.

तर तो दगड. वर चंद्र-सूर्य, मधे झिजलेली अक्षरं. काका बोटानं माती काढत काढत खाली आले आणि एकदम त्यांनी दोन्ही पंजे दगडावर ठेवले.

“काय झालं?”

“काही नाही. चल, निघू.”

“हात काढा की. मला पण बघायचंय.”

“तुझ्यासारखीनं बघायचं नाही ते.”

मला हसू आवरेना. “काका, मी इतिहास घेऊन बी.ए. झालेय. तो गधेगाळ आहे. राजानं जमीन दान दिली, आणि जो कुणी हे मोडेल त्याच्या आईला गाढव...”

“कळलं! कळलं मला!” त्यांचे कान लाल झाले. मग हात काढून ते तिथंच मातीत बसले.

“म्हणजे शिवीच कोरून ठेवली म्हण. किती वर्षं झाली असतील?”

“सात-आठशे तरी.”

“घालणारा गेला, ज्यांना घातली ते गेले. अशी शिवी मागं घेता येते का गं?”

“दगडातली कशी घेणार? पावसानं झिजते तेवढीच.”

“पावसाला फार वेळ लागतो,” ते म्हणाले आणि उठले. मला वाटलं, म्हातारपणी माणूस असंच काहीबाही बोलतो. मी टांग मारली आणि पुढं निघाले.

पुढं म्हणजे किती पुढं! मला हळू चालवताच येत नव्हती. चढ आला की पाय आपोआप जोरात चालायचे, वर पोचून मी चिंचेखाली घाम पुसत बसायचे आणि काका खालून एका लयीत येताना दिसायचे. “शर्यत नाही लावलेली,” एवढंच म्हणायचे. पळसंब्याच्या ओढ्यात अखंड दगडातून कोरलेली देवळं आहेत, तिथं त्यांनी मला पाण्यात पाय सोडून बसवलं आणि गूळ-शेंगदाणे दिले. सांगू लागले, की एक म्हातारी नेहमी केबिनमध्ये त्यांच्या शेजारी बसायची, ती म्हणायची, हे पांडवांनी एका रात्रीत कोरलं, पण कोंबडा आरवला आणि काम अर्धं राहिलं.

“सगळीकडं पांडवच कसे हो? आणि सगळीकडं कोंबडाच कसा आरवतो?”

“पांडव नसतील,” काका म्हणाले. “कोंबडा मात्र असणार. वेळ चुकीची धरली की काम बिघडतंच, ते पांडव असोत नाहीतर आणखी कोण.”

रात्री गगनबावड्यात त्यांच्या जुन्या कंडक्टरच्या घरी मुक्काम केला. कंडक्टरीणबाईंनी मला तांदळाची भाकरी वाढता वाढता विचारलं, सून का? मी काकांकडं बघितलं. काकांनी ताटातली आमटी भुरकली.

सकाळी घाटाच्या तोंडाशी पोचलो. मागं गगनगड, पुढं दरी, आणि दरीत धुकं असं भरलेलं, की कोकण म्हणून काही खाली आहे यावर विश्वास बसू नये. काकांनी सायकल कठड्याला लावली आणि उभे राहिले.

“केवढं आहे गं हे!”

“म्हणजे? तुम्ही हा घाट रोज उतरत होता ना?”

“ड्रायव्हरनं दरी बघायची नसते.”

मी पण सायकल कठड्याला लावली आणि खाली वाकून बघितलं. पण राहवलं नाही. “काका, अर्धी परीक्षा तर झाली. आता तरी सांगा.”

“खाली उतरू,” ते म्हणाले.

घाटात त्यांनी माझी पार जिरवली. प्रत्येक वळण त्या माणसाला पाठ. कुठं रेती सांडलेली असते, कुठं झऱ्याचं पाणी रस्त्यावर येतं, कुठं समोरून ट्रक मधे घुसतो, सगळं आधीच ओरडून सांगत होते. मी दोनदा ब्रेक करकचून दाबले आणि ते माझ्या पुढून, पाठ ताठ ठेवून, कुठं लग्नाला निघाल्यासारखे निघून गेले. खाली पोचल्यावर मी कबूल केलं, उतारावर तुम्हीच. ते खुशीत हसले. त्या प्रवासातलं त्यांचं ते शेवटचं मोकळं हसू.

कारण खाली मोठा रस्ता सोडून आम्ही आत वळलो आणि काका बदललेच. जांभ्या दगडाचे गडगे, काजूची झाडं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, सायकल चालवायला असं सुख दुसरं नाही. आणि हा माणूस सारखा थांबतो! एखादी विहीर दिसली, थांब. मोरी दिसली, थांब. एका साध्या वडाखाली तर पाणी पीत इतका वेळ उभे राहिले, की मी विचारलं, हा पण पांडवांनीच लावला का? त्यांनी ऐकलंच नाही. हवा गार होती आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. परीक्षा माझी, मग घाम ह्यांना का?

शेवटचा चढ ओलांडला आणि खाली ओढ्याकाठी मला जत्राच दिसली. माडाच्या झावळ्यांच्या खोपीच खोपी. बांधलेल्या गाई, डालग्याखाली कोंबड्या, कुत्री, चुलींचा धूर, फुगड्या घालणाऱ्या बायका. ओढ्याच्या पलीकडं मात्र दाट झाडीत कौलारू घरं, आणि त्यांतल्या एकाही घरातून धूर निघत नव्हता.

“कसली जत्रा ही?”

“जत्रा नाही. गावपळण.” काका सायकलवरून उतरले. “ते पलीकडं हेदवणे. माझं गाव. दर तीन-चार वर्षांनी गाव देवाला मोकळं करून द्यायचं. माणसं, गुरं, कोंबडी-कुत्री, सगळ्यांनी शिवेबाहेर यायचं. तीन रात्री गावात दिवा नाही की चूल नाही. मग शिवेवरच्या देवाला कौल लावायचा. त्यानं उजवा दिला की परत आत. डावा दिला की आणखी राहायचं.”

“तुमचं गाव?” मी कपाळावर हात मारला. “उदय म्हणतो, आम्हाला गाव नाही!”

“त्याला नेलाच नाही मी.” त्यांनी हँडल घट्ट धरलं होतं. “तो लहान होता तेव्हाची गोष्ट. हेदवण्याची गाडी मी मागून घेतली होती. गावचा पोर गावात एसटी आणतो, केवढी ऐट! त्या साली गावपळण होती. मी बोटांवर दिवस मोजले, म्हटलं आज गाव आत जाणार. इथं आलो तर सगळे गाठोडी बांधून उभे. मला वाटलं, कौल झाला. रिकामी गाडी, म्हटलं, वाजतगाजत आपणच पहिले जाऊ. हॉर्न वाजवत ओढ्यावरच्या ह्या मोरीवरून आत गेलो आणि देवळाला वळसा घातला. मागं बघतो तर कोणी नाही.”

“कौल झालाच नव्हता?”

“तातूचे हात अजून जोडलेले होते. तातू म्हणजे माझा मोठा भाऊ. कौल लावायचा मान आमच्या घराचा, त्याच्याकडं. माझ्या हॉर्ननं सगळं मोडलं. गाव पुन्हा तीन दिवस बाहेर, थंडीत, पोराबाळांसकट. तातूचा मान काढून दुसऱ्या घराला दिला. आता कुठं परत आलाय म्हणे. त्या दिवशी तो सगळ्यांदेखत, देवासमोर म्हणाला, ह्या गावात पुन्हा पाय ठेवू नको. मी म्हटलं, नाही ठेवणार.”

“आणि नाही ठेवलात.”

“नाही.”

“मग आज कसं काय आलात?”

त्यांनी ओढ्याकडं हात केला. “आज तातू अलीकडं आहे, मी पण अलीकडंच आहे. त्याचाही शब्द मोडत नाही, माझाही नाही.”

“इतक्या वर्षांत हे सुचलं नाही तुम्हाला?”

“दर गावपळणीला सुचायचं. मग मी ड्युटी लावून घ्यायचो.” ते खाली बघून बोलत होते. “घरातलं लग्न म्हणजे मोठ्या भावानं गाऱ्हाणं घालायला लागतं. देवाच्या कानावर घातल्याशिवाय मी तुला हो कसं म्हणू? म्हणून वर्षभर बघू, बघू. एकटा आलो असतो तर ह्या चढावरूनच मागं फिरलो असतो, मगदूम. तुला आणली ती मला फिरता येऊ नये म्हणून.”

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच असा राग आला म्हणता! “वर्षभर मला वाटलं, तुम्हाला आमची जात नको!”

“जात?” त्यांना खरंच धक्का बसला. “अगं, जन्मभर एसटी चालवली मी. मागं कोण बसलंय ते तिकिटावर लिहिलेलं नसतं.”

“चला मग,” मी म्हटलं आणि सायकल उतारावर सोडली.

पण खाली आल्यावर काका गोठलेच. फुगड्या थांबल्या, बोलणं थांबलं. “दत्तो रे तो!” एक म्हातारी बाई पुटपुटली. सगळ्यांनी एका खोपीकडं बघितलं. तिथं पंचा नेसून, वर स्वेटर घालून, एक बारकुडा म्हातारा नारळ सोलत होता. त्यानं मान वर केली नाही. काका रस्त्यातच उभे, ना पुढं ना मागं. दोघं असेच राहिले तर माझं लग्न पुढच्या गावपळणीपर्यंत लांबणार, हे मला स्पष्ट दिसलं. मी सरळ जाऊन तातूंच्या पाया पडले.

“कोण गे तू?”

“शैलजा मगदूम. कोल्हापूरची. तुमच्या पुतण्याशी लग्न करणार आहे.”

“कोणी ठरवल्यान?”

“मी.”

मागं बायका खुसखुसल्या. तातूंचा कोयता थांबला.

“आणि बापाशीन तेच्या काय म्हटल्यान?”

“ते वर्षभर बघू म्हणतायत. तुम्ही गाऱ्हाणं घातल्याशिवाय हो म्हणणार नाहीत.”

तातूंनी तेव्हा पहिल्यांदा भावाकडं बघितलं. म्हणजे भावाकडं नव्हे, सायकलकडं. तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“कोल्लापुरातसून सायकलीन इलंस?”

“व्हय,” काका म्हणाले.

“हॉर्न आसा काय तिका?”

“नाय. घंटी आसा.”

“वाजवू नको,” तातू म्हणाले, आणि पुन्हा नारळ सोलायला लागले. एवढंच. पण जरा वेळानं त्या सोललेल्या नारळाचं पाणी आमच्यासाठी आलं. रात्री दोघं भाऊ एकाच शेकोटीला बसले, मधे माझ्यासकट दहा माणसं, आणि एकमेकांशी चकार शब्द नाही. एक खोकला की दुसरा लाकूड पुढं सारायचा, इतकंच बोलणं.

सकाळी गाव गाठोडी बांधून शिवेवर गोळा झालं. आंब्याखाली शेंदूर नसलेला साधा दगड, तोच देव. तातूंनी ओल्या पाकळ्या दगडाला लावल्या, हात जोडले आणि डोळे मिटले. इतकी माणसं, इतकी गुरं, पण पानाचा आवाज नाही. काका सगळ्यांच्या मागं सायकल धरून उभे होते आणि त्यांनी एका हातानं घंटी मुठीत गच्च आवळून धरली होती, चुकून वाजेल म्हणून.

उजवी पाकळी पडली.

“उजवो दिल्यान!” ढोल कडाडले, पोरं नाचली, बायकांनी टोपल्या उचलल्या. तातू पुढं, त्यांच्या मागं गुरं, त्यामागं गाव, असा लोंढा मोरीकडं निघाला. काकांनी सायकल वळवली. कोल्हापूरकडं.

“चल मगदूम. झालं काम. त्यानं पाणी दिलं, खूप झालं.”

“काय झालं? गाऱ्हाणं कुठं झालं?”

“ते घरात घालतात. देवासमोर, खळ्यात, म्हणजे अंगणात. मला जाता येत नाही.”

“मग मी पण हलत नाही,” मी म्हटलं आणि गुरांच्या मधून वाट काढत तातूंना मोरीच्या तोंडाशी गाठलं. “तातू, ते परत चाललेत!”

तातू थांबले. त्यांचाही चेहरा काही सुखाचा नव्हता. “शब्द आसा, बाये. पाय ठेवू नको म्हटलंय. देवासमोर म्हटलंय. तो शब्द आता माजो नाय, देवाचो. मी कसो मोडू?”

“पाय ठेवू नको, एवढंच ना?”

“इतक्याच.”

“मग पाय पेडलवर राहू देत की! सायकलवरनं येतील. जमिनीला पाय लागला तर बोला.”

मोरीवर कुजबूज झाली. कुणी हसलं. एक जण म्हणाला, ह्या देवाक चलात काय? तातू त्या आंब्याखालच्या दगडाकडं बघत राहिले, मग सायकलकडं, मग भावाकडं, ह्या वेळी मात्र भावाकडंच.

“चाकावर येवक देवान कधी नाय म्हणूक नाय,” ते सावकाश म्हणाले. “पण आयकलास मां सगळ्यांनी? पाय टेकलो तर गावाक परत भायर पडूचा लागतला. तीन दिस.”

“अरे देवा!” बायकांनी टोपल्या सावरल्या.

मी पळत मागं आले. “काका, बसा. आता परीक्षा तुमची.”

माझं म्हणणं कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग चेहरा असा झाला, की मला वाटलं, इथंच रडतात. पण त्यांनी पँटच्या पायाला दोरी बांधली, सीट पुसली आणि टांग मारली.

हळू सायकल चालवणं सगळ्यांत अवघड, हे शर्यत खेळलेल्या माणसाला विचारा. पुढं गुरांचा लोंढा, मागं माणसांचा, आणि मधे काळी सायकल डुगडुगत चाललेली. माझी सायकल पोरांकडं सोपवून मी शेजारून पळत होते. मोरी ओलांडली. तीन दिवस कुणी न झाडलेल्या वाटेवर पानांचा सडा पडलेला. बंद दारं, गार चुली, आणि झाडीतून एकदम देऊळ पुढं आलं, दगडी दीपमाळ, पायऱ्यांची बाव.

“मगदूम, ही माझी शाळा गं! तशीच आहे!”

“बघू नका! पुढं बघा!”

“ह्या बावीत मी पोहायला शिकलो!”

“नंतर! आधी हँडल!”

“सगळ्या जगात थांबलो,” ते ओरडले, हसत होते की रडत होते देव जाणे, “आणि इथं थांबता येत नाही!”

पोरं दोन्ही बाजूंनी धावायला लागली. म्हाताऱ्या कडेला सरकून वाट देत होत्या आणि सगळं गाव एकाच माणसाच्या पायांकडं बघत चाललं होतं. देवळाच्या वळणावर एक वासरू मधे आलं. सायकल जवळजवळ उभी राहिली. काकांचा डावा पाय पेडलवरून सुटला. तातूंनी पुढून झेप घेऊन वासराचं शेपूट पिरगाळलं आणि ते उधळलं. पाय परत पेडलवर गेला.

शेवटी घराकडं जाणारा जांभ्या दगडाचा चढ. काकांचा दम संपला होता, मला ते श्वासावरून कळत होतं. सायकलला हात लावू नये असं काही कुणी म्हटलं नव्हतं. मी कॅरिअरला खांदा दिला. दोन पावलांनंतर ओझं एकदम हलकं झालं. बघते तर पलीकडून तातूंचा सुरकुतलेला हात कॅरिअरवर. माझ्याकडं बघत नव्हते. दात आवळून ढकलत होते.

खळ्यात पोचलो आणि मला नवीनच संकट दिसलं. आता उतरायचं कसं? मी हँडल धरलं, कुणीतरी कॅरिअर धरलं, आणि काका सीटवर तसेच बसून राहिले, दोन्ही पाय पेडलवर, गणपतीच्या मूर्तीसारखे. तातू कुलूप काढून घरात गेले. आत काहीतरी पाडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते हातात लाकडी पाट घेऊन. पंच्यानं त्याच्यावरची धूळ पुसली आणि सायकलखाली ठेवला.

“हेच्यार उतर,” ते म्हणाले. “पाट घराचो आसा. गावाचो नाय.”

काकांनी पाटावर पाय ठेवला. एक, मग दुसरा. तातू त्यांच्या समोर उभे, पाटामुळं काका त्यांच्यापेक्षा वीतभर उंच झालेले. धाकट्यानं वाकून मोठ्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मग दोघं म्हातारे सगळ्या गावादेखत रडले, अगदी हुंदके देऊन, आणि मी पण रडले. लाजायचं काय त्यात?

“आता वाजव ती घंटी,” तातू नाक पुसत म्हणाले.

काका दोन्ही हातांनी डोळे पुसत होते. घंटी मीच वाजवली. चांगली जोरात.

मग तातूंनी तुळशीपुढं नारळ ठेवला. खळं माणसांनी भरलं.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळं गाव.

“आज ह्या धुऱ्यांच्या घरात कोल्लापुराचा चेडू सायकलीन इला आसा. तेका आपला म्हण रे म्हाराजा!” चेडू म्हणजे पोरगी, म्हणजे मी.

“व्हय म्हाराजा!”

“तेच्या संसाराच्या वाटेर काय काटोकुटो आसात, तो तुज्या हातान बाजूक कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

तातू जरा थांबले. आवाज खाली आला. “ह्या माज्या भावाच्या हातान काय चुकलेला आसात, आणि माज्या तोंडातसून जा काय गेलेला आसात, ता दोनय आज तुज्या पायाकडे ठेवतंय. पदरात घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” ह्या वेळी सगळ्यांत मोठा आवाज पाटावरून आला. एसटीच्या इंजिनावर मात केलेला.

नारळ फुटला. काकांनी खाली बघितलं, एक पाय पाटावरून काढला आणि खळ्यातल्या मातीत ठेवला. मग दुसरा. कुणी परत गाठोडी उचलली नाहीत. ते ओटीच्या पायरीवर जाऊन बसले, चपला काढल्या आणि अनवाणी पाय धुळीत पसरले.

आमच्या दोन्ही सायकली उन्हात पडल्या होत्या. त्यांनी त्या बघितल्या आणि डेपोतल्यासारखी हाळी दिली.

“ए धुरी! सायकली आत घे. उन्हानं ट्यूब फुटतील.”

मी आजूबाजूला बघितलं. तिथं अर्धं खळं धुऱ्यांनीच भरलेलं होतं, पण काका बघत होते माझ्याकडं.